जितके आत, तितके बाहेर

पेढा ओठांना लागला तेव्हा खाजाला आठवलं, आपला रोजा आहे. धुळ्याच्या पाचकंदील चौकात, ऐन खरेदीच्या गर्दीत, तोतारामनानांनी मागून येऊन त्याची हनुवटी धरली होती, लग्नात नवरदेवाला भरवतात तशी, आणि दुसऱ्या हाताने पेढा कोंबला होता. "खा भो, तोंड गोड कर! बँक गई!" खाजाने दात आवळले. पेढा दातांवर आपटून तिथेच थांबला. "नाना, रोजा शे मना," तो दातांच्या फटीतून म्हणाला. "आरे राम राम राम," असं म्हणत नानांनी पेढा काढून घेतला आणि गळ्यातल्या उपरण्याने त्याचे ओठ पुसले, इतक्या मायेने की बघणाऱ्याला वाटावं, काका-पुतणे आहेत. हाच माणूस गेली काही वर्षं गावागावांतल्या सभांत त्याला माइकवरून कंपनीचा कुत्रा म्हणत आला होता. कुत्र्यालाही आज पेढा होता. नानांनी तो खाजाच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि म्हणाले, "संध्याकायले खाय. पन खायजो बरं का, मना हातना शे." आणि पुढच्या माणसाच्या हनुवटीकडे वळले.

खाजा मूठ मिटून उभा राहिला. वरच्या ओठाला खव्याचा कण चिकटून राहिला होता. जिभेला त्याचा पत्ता लागला होता आणि ती दातांमागे येरझारा घालत होती. त्याने रुमालाने ओठ घासला, पुन्हा घासला. कण गेला असावा, गोडी गेली नाही. बँक गेली याचं सुख मानावं की दुःख, हे ठरायच्या आधी त्याच्या मनात आलं ते दाराचं. आता दार? असं मनाने विचारलं. नोकरीचं नाही, पगाराचं नाही, आधी दाराचं. अम्मासाठी आपल्याला आधी दार आठवलं याचं त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटतंय हे ध्यानात येताच ते जमेकडून उचलून नावे टाकावं लागलं. खाजाचं मन असंच होतं. त्यात कुठलीही गोष्ट सुखाने जमा राहत नसे.

गेलेली बँक चौकातली नव्हती. समुद्रापलीकडच्या एका देशाच्या सरकारची ती बँक. दोंडाईचाच्या बाजूला माळावर कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभं राहणार होतं आणि त्याला कर्ज ती देणार होती. इतक्या लांबची बँक आपल्या विजेसाठी कशी काय कळवळली, हे गावाला बरेच दिवस उमगेना. खाजाला पहिल्याच बैठकीत उमगलं. बॉयलर त्यांच्या देशातला, टर्बाइन त्यांच्या देशातलं, बसवणारे इंजिनिअरही तिकडचे. म्हणजे पैसा त्यांच्या घरातून निघणार आणि त्यांच्याच घरात परतणार. वाटेत आपल्या माळावर घटकाभर बूड टेकणार, एवढंच. व्याज आपण द्यायचं, राखही आपणच ठेवून घ्यायची. खाजाला त्यात वाईट काही दिसलं नाही. उलट धंद्यातलं म्हणून कौतुकच वाटलं, कारण त्याचा बाप पिंजारी होता. लोकांचा कापूस, लोकांचीच खोळ, बापाची फक्त पिंजायची धनुकली. गाद्या लोकांच्याच घरी राहायच्या आणि बाप मजुरी घेऊन उठायचा. संध्याकाळी तो घरी यायचा तो भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा, कुणीतरी पिंजून ठेवल्यासारखा, आणि त्याच्या अंगाचा वास आठवला की खाजाला अजूनही नाकात तंतू गेल्यासारखं होई. आता त्या देशाने जाहीर केलं होतं की परदेशातल्या कोळशाच्या केंद्रांना यापुढे कर्ज नाही. जगाची हवा बिघडते. हवा काही परवा बिघडली नव्हती. पण वही कधी उघडून पाहायची हे सावकाराच्या मर्जीवर असतं. बॉयलर तिकडच्या बंदरात राहिला. इकडे माळावर भिंत उभी होती, चिमणीचं नुसतं बूड उभं होतं, आणि पाचकंदिलात खाजा उभा होता, कंपनीचा गावसंपर्क अधिकारी, मुठीत पेढा धरून.

भिंत घातली तेव्हा कबरस्तानाची पट्टी तिच्या पोटात गेली होती. पिंजाऱ्यांची आणि आणखी मोजक्या घरांची ती पट्टी. खाजाचा बाप तिथेच होता. कबरी उचलून दुसरीकडे न्याव्यात असं कंपनीच्या मनात होतं. त्यावर तोतारामनानांनी थेट बँकेलाच तक्रार धाडली. नानांचं तिथे कुणी पुरलेलं नव्हतं, पण हाताशी आलेलं हत्यार कुणाचं आहे हे लढणारा माणूस पाहत नाही. आणि खरोखरच बँकेने एक बाई पाठवली. तिने कबरस्तानाच्या कडेला बूट काढले, एवढ्यानेच अर्धं गाव तिचं झालं. मोकळ्या पायांनी ती काट्यांतून फिरली, प्रत्येक उंचवट्यापाशी थांबली, हा कुणाचा म्हणून विचारलं, फोटो घेतले. मग ती खाजाच्या गावातल्या घरी आली. पिंजाऱ्यांकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. नवऱ्याला घरातून नेलं की त्यापुढची वाट बाईने ऐकूनच माहीत करून घ्यायची. अम्मा, म्हणजे हसीनाबी, तिनेही ती ऐकलेलीच होती: लिंबाच्या डावीकडे, बांधाला लागून. बाईने पाटीसारखा फोन तिच्या पुढ्यात धरला. मातीचा एक लांबट उंचवटा, उशाशी दगड, वर वाळून बियांवर आलेला सब्जा. अम्माने बोट लावलं तर कबर एकदम मोठी झाली आणि काचेवरून सरकून गेली. अम्मा घाबरली. बाईने हसून ती परत आणून दिली. "हाई मना नवरा का?" अम्मा म्हणाली, "जित्ता व्हता तवं इतला साफ दिखे नही." खाजाने ते बाईला हिंदीत करून सांगितलं, बाईच्या दुभाष्याने तिच्या भाषेत, आणि बाई इतकी हसली की डोळे पुसायला लागली. जाताना तिने अम्माच्या हातावर हात ठेवून सांगितलं की भिंतीला एक दार राहील, आमची बँक आहे तोवर ते उघडत जाईल. खाजाने पूर्ण वाक्य सांगितलं होतं. अम्माने त्यातलं दार ठेवून घेतलं, बाकीचं बाईसोबत जाऊ दिलं.

तिथेच ते राहून गेलं. बाईने ओट्यावरच्या मंडळींना सरळ विचारलं होतं, आणखी काही हवं आहे का? हवं होतं. दार भेटीला येणाऱ्यांसाठी आहे, पण उद्या मरणाऱ्यांना कुठे न्यायचं, हे तेव्हाच बोलून घ्यायला हवं होतं. पण पाहुणी समोर, चहा ओतला जातोय, आणि ज्यांना न्यायचं ती म्हातारी माणसंच पंक्तीत बसलेली. त्यांच्यादेखत त्यांच्या मातीचं नाव कोण काढणार? जित्या माणसाच्या कबरीचं बोलणं म्हणजे तिला आवतण दिल्यासारखं. सगळे कपात बघत राहिले. कुठे निजायचं हे जिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं, त्या अम्मानेही ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "बाईले चहा दे ना रे आजून." मग नियम झाला तो असा. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर दार उघडायचं. वॉचमनने आत जाणारे मोजायचे, बाहेर येणारे मोजायचे. जितके आत, तितके बाहेर. आत कुणी अडकून राहू नये, म्हणून बाईनेच मोठ्या काळजीने तो घालायला लावला होता.

चौकाच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीवर सावली पाहून खाजाने जळगावला फोन लावला. कंपनीचं ऑफिस तिथे, आणि ऑफिसात जितेंद्रसाहेब. खाजाहून वयाने लहान, आवाजाने मोठे. "सर, ऐकलं ते खरं का?" "पेपरला आलंय म्हणजे खरंच की, खाजाभाई. काळजी करू नका, जागा आपलीच आहे. गोडाऊनं काढू, सोलर काढू, काहीतरी निघेलच. भिंत पक्की आहे." "आणि दार, सर?" "कुठलं? अच्छा, ते." पलीकडे कुणीतरी चहा ठेवल्याचा आवाज झाला. "असं बघा, भिंत आपली आहे, दार बँकेचं होतं. बँक नाही तर अट नाही. ईद झाली की गवंडी लावून सलग करून घेऊ. हा शुक्रवार चालू द्या, तुमचे सणाचे दिवस आहेत, उगाच ओरड नको. तुम्ही गावात नीट सांगा, तुम्हाला जमतं ते." खाजा म्हणाला, "सर, माझी आई..." "हो, विचारणारच होतो. कशी आहे त्यांची तब्येत?" इथे खाजाच्या तोंडून जे निघालं ते त्यालाही कानानेच कळलं. तो म्हणाला, "बरी आहे." "छान. या एकदा जळगावला, तुमचंही बघू काहीतरी." फोन बंद झाला. साहेबांनी विचारलं तेव्हा अम्मा मरायला टेकली आहे हे सांगायचं तर तिच्या मातीची जागा मागावी लागली असती. मागायची तर तिच्या मरणाचं नाव काढावं लागलं असतं. त्या दिवशी ओट्यावरची मंडळी कपात बघत होती. हा पायरीकडे बघत बसला.

हा शुक्रवार. डॉक्टरांनी अम्माला घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत होते. चष्मा पुसणारा डॉक्टर म्हणजे किती दिवस? खाजाचं मन बोटांवर मोजू लागलं आणि तो मोजू देत राहिला, कारण मोजणं ही त्या मनाची जुनी खोड होती, भाव मोजणं, माणसं मोजणं, सभेत कोण आपला नि कोण परका. शुक्रवारच्या आत झालं तर दार उघडं असेल. शुक्रवारनंतर झालं तर भिंत असेल. म्हणजे शुक्रवारच्या आत... इथे मन थांबलं. थांबलं ते पुढचं उत्तर दिसल्यामुळे. आपण आत्ता कशाची वाट पाहायला निघालो होतो? समोरून लोक ईदच्या कापडाचे गठ्ठे घेऊन जात होते आणि प्रत्येकजण आपल्या कपाळावर ते उत्तर वाचतोय असं त्याला वाटलं. ओठ कोरडे पडले होते, तरी गोड होते.

दुपारी तो मोटारसायकल काढून माळावर गेला. नेहमी या रस्त्याला लागला की त्याला कानात धनुकलीच्या तातीचा ठण् ठण् ऐकू येई; बाप याच रस्त्याने गावं घेत जायचा. आज फक्त ऊन ऐकू येत होतं. लांबून चिमणीचं बूड दिसलं, एखाद्या राक्षसाने उखळ मांडून ठेवावं आणि कांडायला विसरावं तसं. भिंत मात्र जवळ जाईतो वाढतच गेली. दारापाशी पत्र्याच्या सावलीत प्रेमराज खुर्ची टाकून बसला होता. त्याचं वावर याच भिंतीच्या आत गेलं होतं आणि त्याबदली त्याला ही वॉचमनकी मिळाली होती. आपल्याच वावरात कुणी शिरू नये म्हणून तो महिन्याचा पगार घेई. "या भाऊ," तो उठत म्हणाला. "आते आमनं काय? बँक गई म्हनतस." "राहशी तू," खाजा म्हणाला. "भिंत शे तवरोक राहशी." मग त्याने दाराच्या कडीला हात लावला. कडी तापून लाल व्हायची बाकी होती. त्याने हात काढून घेतला नाही. "प्रेमराज, एक इचारू? शुक्रवारले चार जण आत उनात. खांदा दीसन. खांद्यावर पाचवा. बाहेर मंग चारच येतीन." प्रेमराजने टोपी मागे सारली. तो चेष्टा समजून हसला नाही, ही त्याची चूक नव्हती. मोजायचं काम दिलेल्या माणसाला कोडी घालू नयेत. "मंग एक कमी भरी," तो म्हणाला. "वहीमा काय लिखू? साहेब इचारी, एक कठे गया?" मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलं. "कोनी मरी गयं का, भाऊ?" "नही." "नही तं असं बोलू नही ना. जित्ता माणूसनं असं बोलू नही," आणि प्रेमराज दुसरीकडे, चिमणीच्या बुडाकडे बघू लागला.

दाराच्या फटीतून लिंब दिसत होता. डावीकडचा बांध दिसत नव्हता. खाजाने तिथूनच नानांना फोन लावला. "नाना, बँकेला तक्रार करायची. दार बंद करतायत. तुमच्याच तक्रारीवर ते झालं होतं, तुमचीच ऐकतील." नाना अजून पेढ्यांतच असावेत, मागे हसण्याचा कल्ला होता. "करू ना, करू! सांग कोनले..." ते म्हणाले आणि कल्ल्यातून बाजूला आल्यासारखा त्यांचा आवाज एकटा पडला. "आरे, पन बँक तं गई. आते तक्रार कोनले करू?" इतकी वर्षं दोघांचं भांडण ऐकायला समुद्रापलीकडे कुणीतरी बसलेलं होतं. आज पहिल्यांदा दोघांनाच एकमेकांचं ऐकावं लागत होतं. "खाजा," नाना हळूच म्हणाले, "जमीन तं परत येई ना रे आमनी?" जागा आपलीच आहे, साहेब म्हणाले होते. भिंत पक्की आहे. "पाहू, नाना," खाजा म्हणाला. "पेढा ठेवेल शे ना?" नानांनी विचारलं. "ठेवेल शे," खाजा म्हणाला. तो खिशात रुमालात होता, आणि उन्हाने त्याचा पेढेपणा कधीच गेला होता.

धुळ्याच्या घरी पोचला तेव्हा रोजा सुटायला थोडाच वेळ उरला होता. जिन्यात कुणाच्या तरी घरच्या भज्यांचा वास होता. तीन मजले चढताना त्याला वाटलं, आपण चढतोय पण जिना आपल्याला आतच घेतोय. त्याची बायको नाजमीन स्वयंपाकघरात खरबूज चिरत होती. तिने फक्त मानेने अम्माच्या खोलीकडे दाखवलं. अम्मा खिडकीशी, बापानेच कधीतरी भरलेल्या गादीवर उशाला टेकून बसली होती. गेल्या काही दिवसांत ती लहान लहान होत गादीत रुतत चालली होती, आणि डोळे तेवढे मागे, काठावर राहिले होते. "खिसामा काय शे?" तिने विचारलं. खिसा चिकट झालेला तिला दिसला होता. खाजाने रुमाल उलगडला. "पेढा? कोना?" "तोतारामनानांचा." अम्माने पेढ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सगळं आयुष्य लोकांच्या गाद्यांतल्या गाठी बोटांनी शोधण्यात गेलेली बाई. "तोताराम तुले पेढा दे," ती म्हणाली, "म्हनजे बँक गई." खाजाने रुमाल तिच्या पुढ्यात ठेवला. "मंग दार बी गयं." "ईदनंतर," तो म्हणाला. "हा शुक्रवार शे." आणि मग, का ते त्याला कळलं नाही, कदाचित दिवसभर ते एकट्याने वाहून थकल्यामुळे, त्याने प्रेमराजचं सगळं सांगून टाकलं. चार आत, खांद्यावर पाचवा, बाहेर चार. नाव मात्र कुणाचं घेतलं नाही. अम्मा हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकल्यात पुन्हा हसू आलं, आणि आतून नाजमीन सुरी हातात घेऊनच धावत आली. "एक कमी भरी म्हने!" अम्मा तिला सांगू लागली. "वॉचमनना हिसाब चुकी मनापायी!" मनापायी, म्हणजे माझ्यामुळे. नाव न घेता झाकून ठेवलेलं तिने असं सहज उचलून मध्ये ठेवलं. नाजमीन रडू की हसू अशा तोंडाने उभी राहिली.

"शुक्रवारले माले ली चाल," अम्मा म्हणाली. खाजाला वाटलं, ती बरळते आहे. "कठे?" "तठे. तुना बापकडे." "अम्मा, बाया तठे जातस नही." "ती बँकवाली गई व्हती ना? ती काय माणूस व्हती?" तिने ओढणीच्या टोकाने डोळ्यांच्या कडा टिपल्या, हसण्याचंच पाणी होतं ते. "बूट काढीसन गई व्हती. माले तं बूट बी नहीत. मी पाहुनी म्हनीसन जासू, जित्ती, मना पायवर. तू धरशी, फैज धरी," फैज म्हणजे खाजाचा धाकटा भाऊ, "मोजू दे त्याले. तीन आत." "आणि बाहेर?" खाजाने विचारलं. विचारलं आणि मग त्याला ऐकू आलं की आपण काय विचारलं. अम्मा खिडकीतून खाली बघत होती, जिथे मशिदीच्या गल्लीत पोरं आधीच धावत सुटली होती. दूधवाल्याला उद्या जास्त टाक म्हणून सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "बसी राहसू तठेच. सब्जा उपटाना शे, पानी देवानं शे. तुम्ही दोन बाहेर निंघी जा. मंग तो वॉचमन जाने नि त्याना हिसाब." आणि लगेच स्वयंपाकघराकडे तोंड करून, "नाजमीन, मनी पांढरी ओढनी धुई ठेव वं. शुक्रवार शे."

खाजाने सकाळी पायरीवर पाहिलेलं उत्तर आता समोर गादीवर बसलं होतं, त्याच्याकडे बघत होतं, आणि त्याला नाही म्हणायला त्याच्यापाशी जागाच नव्हती. नेलं नाही तर दार बंद होईल. नेलं तर तिला धरून बाहेर ओढून आणावं लागेल, प्रेमराजच्या वहीसाठी. किंवा ओढावं लागणार नाही. हे तिसरं तर त्याच्या मनाला मोजायचंसुद्धा नव्हतं, आणि ते मोजत होतं. तेवढ्यात अजान झाली. नाजमीनने खजुराची ताटली आणून त्याच्यापुढे ठेवली आणि भांड्यात पाणी ओतलं. अम्माने ताटली हलकेच बाजूला सारली. रुमालातला तो आकार गेलेला पेढा तिने दोन बोटांनी मोडला, एक तुकडा आपल्या तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाली, "चांगला खवा शे रे तोतारामना." मग दुसरा तुकडा घेऊन ती पुढे झुकली, एवढं झुकायला तिला फार वेळ लागला, एका हाताने तिने त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्याने तो त्याच्या ओठांना लावला. "खा बेटा. सुटना रोजा." रोजा सुटला होता. सगळ्या गल्लीने घास घेतला होता. वरच्या खालच्या घरांतून भांड्यांचे, घोटांचे आवाज येत होते. गोड त्याच्या ओठांवर होतं, सकाळपासूनच होतं. खाजा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. पेढा दातांवर टेकून थांबला होता, आणि दात उघडत नव्हते.